सुनेच्या नावाचा पाना

"निघत नाय म्हंजी? जोर लाव की! माहेरी भाकरी खात होतीस का नुसतं चहापाणी?" मल्हारीने ओट्यावरून आवाज दिला आणि बशीतला चहा सुर्रकन ओढला.

अंगणात टेम्पोच्या मागच्या चाकापाशी त्याची नवी सून पायल पदर खोचून पान्यावर चढली होती. चढली होती म्हणजे खरोखरच चढली होती. नटाला एल पाना लावलेला, त्याचा आखूड दांडा आडवा आलेला, आणि त्या दांड्यावर दोन्ही पाय देऊन, वरच्या फाळक्याला धरून बाई झोके घेत होती. हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. टेम्पो हलत होता, फाळका खडखडत होता, शेजारच्या पुंजाची म्हैस बुजून दाव्याला हिसके देत होती. पण नट काही जागचा हलत नव्हता.

"वहिनी, अजून थोडं नाचा, टेम्पो आपोआप चालू होईल!" पुंजा कुंपणापलीकडून म्हणाला.

तेवढ्यात पाना सटकला. पायल धपकन खाली बसली आणि तिच्या कोपराचं साल निघालं. मल्हारी पोट धरून हसला. हसू ऐकून त्याची बायको नवसाबाई हातातलं पीठ न झटकताच बाहेर आली.

"लाज नाय वाटत का हो? नव्या सुनेला कोणी अशी कामं सांगतं का?"

"मी कशाला सांगू? तिलाच टेम्पो चालवायचाय. मी म्हटलं, चालव. आधी चाक खोलून दाखव."

आता ही सून कुठली, तर देवळ्याची. बापाची कांद्याची शेती, घरात भाऊ नाही, त्यामुळे ट्रॅक्टर हिच्याच हातात. लग्नात बाकीच्यांच्या सुना भांडीकुंडी घेऊन आल्या, मल्हारीची सून लायसन घेऊन आली. ट्रॅक्टरचं आणि चारचाकीचं, दोन्ही. मातोरी गावात त्या लायसनचीच चर्चा जास्त झाली. नवरा ज्ञानेश अंबडच्या कंपनीत, त्याला शिफ्टपुढे काही सुचत नव्हतं आणि टेम्पोत रसही नव्हता. तेव्हा फुलं घेऊन नाशिकला जायला आपण आहोतच, असं सुनेने आल्या आठवड्यात सासऱ्याला सांगून टाकलं होतं. आणि सासऱ्याने आपला नियम पुढे केला होता.

हा नियम मल्हारीचा स्वतःचा नव्हता. पोरसवदा वयात तो आग्रा रोडच्या ट्रकवर क्लीनर होता, तेव्हाच्या उस्तादाचा होता. खालचं चाक खोलता येत नाही त्याने वरच्या चाकाला हात लावू नये. वरचं चाक म्हणजे स्टेअरिंग. पुढे मल्हारीने कर्ज काढून स्वतःचा टेम्पो घेतला, गावातल्या चार जणांना गाडी शिकवली, आणि प्रत्येकाला आधी चाकाशी बसवलं. नियम चांगलाच होता. फक्त त्याला मल्हारीने आपल्या पदरची एक भर घातली होती, आणि सगळा घोळ त्या भरीचा होता.

चाक बसवून नट आवळून झाले की लोक पाना ठेवतात. मल्हारी ठेवत नसे. तो प्रत्येक नटाला पाना लावून दांड्यावर उभा राहायचा आणि उडी मारायचा. "येळकोट!" एक उडी. "येळकोट!" दुसरी. "जय मल्हार!" की तिसरी, दणदणीत. नावच मल्हारी, देव घरचाच, मग उडीत कसर कशाला? त्याने आवळलेला नट दुसऱ्या कोणाच्या बापाच्याने निघत नसे. पंचवटीत टायरचं दुकान टाकलेले मालेगावचे मुख्तारभाई तर कपाळाला हात लावायचे. "मामा, ये नट आवळला की वेल्डिंग मारली?" मल्हारीला याचं वाईट वाटायच्या ऐवजी छाती फुगायची. मल्हारीने आवळलेलं मल्हारीनेच सोडावं, असं तो चारचौघांत सांगायचा.

पायल कोपर चोळत उठली. रडली नाही. "आबा, तुम्ही खोलून दाखवा बरं," ती म्हणाली.

मल्हारी उठला. धोतराचा सोगा खोचला, पाना लावला, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने एक हिसका दिला. कडाक! नट सुटला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "घे," म्हणाला, आणि बशीत उरलेला चहा प्यायला गेला.

"काय बाई हात शे का लोखंड!" पायलच्या तोंडून माहेरची बोली निसटली.

"शे, शे. लोखंडच शे," मल्हारी तिच्याच सुरात म्हणाला आणि पुन्हा हसला.

तर अशी सुरुवात झाली. पुढे टेम्पोचं चाक पंक्चर झालं की पायल पाना घेऊन हजर. कधी पिठाच्या हाताने, कधी सातव्या महिन्याचं पोट घेऊन. तेव्हा मात्र नवसाबाईने दोघांनाही झाडूने हाकललं. लेक झाली, लेक बालवाडीत जायला लागली, तरी सुनेच्या हातून नट काही निघाला नाही आणि सासऱ्याचा नियमही ढिला झाला नाही. यात भांडण नव्हतं बरं का. घरातला खेळच होता तो. पण खेळात एक जण नेहमी जिंकत असला की त्याला तो खेळ फार आवडतो, तसं मल्हारीचं झालं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्याला ती सीट सोडायचीच नव्हती. पहाटे टेम्पोत झेंडूच्या, शेवंतीच्या पाट्या चढायच्या, शेजारी नवसाबाई बसायची, मखमलाबादच्या अलीकडे उजाडायचं. मागून फुलांचा वास, पुढे मोकळा रस्ता, हातात स्टेअरिंग. फुलबाजारात लोक हाक मारायचे, "आले का मल्हारी आबा!" एवढं मिळालं की माणूस खुश. देवाकडे त्याने याहून जास्त कधी मागितलं नाही.

मग एका हिवाळ्यात उजवा खांदा धरला.

आधी त्याला वाटलं, लचकला असेल. मग शर्ट घालताना हात मागे जाईना. मग कुशीवर झोपता येईना. नवसाबाई तेल कोमट करून चोळायची, आणि चोळताना एक अक्षर बोलायची नाही. मल्हारी म्हणायचा, "थंडी हाय ना, म्हणून." उन्हाळा आला, तरी थंडी काही जाईना. टेम्पोचं स्टेअरिंग जड. वळणावर तो डाव्या हाताने ओढायचा आणि उजवा नुसता नावाला ठेवायचा. गाडीत बसणाऱ्या बाईला हे कळत नसेल असं त्याला वाटत होतं. नवऱ्यांना असंच वाटत असतं.

चाकाचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. तेही सिंहस्थाच्या आधीचं वर्ष. नाशिकचे रस्ते रुंद व्हायला घेतलेले, जिकडे तिकडे खडी, तारांचे तुकडे, खिळे. दर थोड्या दिवसांनी कोणाचं ना कोणाचं टायर बसलेलं. एकदा नवसाबाई बरोबर नसताना पुढचं चाक पेठ नाक्याजवळच बसलं. मल्हारीने पाना लावला, हिसका दिला, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नशीब, मुख्तारभाईंचं दुकान जवळ होतं. बसलेल्या चाकावरच टेम्पो तसाच रखडत नेला आणि चाक त्यांच्याच माणसाकडून खोलून घेतलं. घरी काही बोलला नाही. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. नियम आपला, पाना आपला, नट आपण आवळलेला, आणि आता तो आपल्याच हाताने निघत नाही. मग सीटवर आपण कोणत्या तोंडाने बसायचं?

दुसऱ्याच दिवशी तो एकटा मुख्तारभाईंकडे गेला.

"एखादा पाना दाखवा. चाकाचा."

"तुमच्याकडे हाय ना? तो एल पाना."

"हाय. पण..." मल्हारीने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला. "माझ्यासाठी नाय. सुनेसाठी पाहिजे."

मुख्तारभाईंचा चेहरा उजळला. "बहू गाडी चलाती? वा, मामा! माशाल्ला!"

"चालवणार हाय. पण तिला जोर कमी पडतो. तिचा... तिचा उजवा खांदा दुखतो."

"खांदा?"

"हां. हात वर जात नाय. त्या कुशीवर झोपता येत नाय. पाठीमागं हात न्यायचा म्हटलं तर जीव जातो." बोलता बोलता मल्हारीचा स्वतःचा हात खांद्यावर गेला, तो त्याने चटकन खाली घेतला.

"अरे, मग तिच्याकडून काम काय करून घेता एवढं? बच्ची हाय ती!" मुख्तारभाई खरंच रागावले. मल्हारीने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. दुसरं करणार काय?

भाईंनी भिंतीवरचे पाने काढून फरशीवर मांडले. आधी घसरपट्टीचा, तोंड लहानमोठं होणारा पाना उचलला आणि लगेच बाजूला टाकला. "ये तो हातही मत लावना. ढिला बसतो. नटाचे कोपरे खाऊन टाकतो, मग नट गोल. गोल नट आणि रुसलेला जावई, दोन्ही पकडायला जागा नाय." मग एल पाना. "याला वाईट नाय म्हणत मी. पण दांडा आखूड, आणि सगळा जोर एका हाताचा, एका खांद्याचा. तुमच्यासारख्या पैलवानाचं काम ते." मल्हारीला ते वाक्य गोडही लागलं आणि टोचलंही.

मग त्यांनी अधिकच्या चिन्हासारखा पाना काढला. चार दांडे, चार तोंडं, चारही वेगळ्या मापांची. "ये बघा. तुमच्या नटाला यातलं एकच तोंड बरोबर बसणार. हलवून बघायचं, जरासुद्धा खडखड नको. मग एका हाताने दांडा खाली दाबायचा, दुसऱ्या हाताने समोरचा वर उचलायचा. जोर दोन्ही हातांत वाटला जातो. दुखऱ्या खांद्याने नुसता आधार द्यायचा. तरी नाय निघाला तर पाय द्यायचा, आणि ये पाइपचा तुकडा दांड्यावर चढवायचा. दांडा लांब, तेवढा जोर कमी. और सुनो, मामा. सोडायला लांब, आवळायला आखूड. पाइप लावून आवळायचं नाय, आणि तुमची ती उडी तर अजिबात नाय. नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे आवळा, जेवढा हात सांगतो तेवढेच. आज उडी मारून आवळाल, उद्या सोडायला कोण येणार?"

"नाय, नाय. सुनेला सांगतो," मल्हारी म्हणाला.

पाना आणि पाइप गोणपाटात गुंडाळून त्याने सीटखाली सरकवले. कोणाला कळायचं कारण नव्हतं. पण टेम्पो धुवायला काढल्यावर सीटखालचा पालापाचोळा साफ करायची खोड नवसाबाईला होती, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

"अहो, हे काय?" ती अंगणातूनच ओरडली. हातात तो चार तोंडांचा पाना, भर उन्हात लखलखत होता. पायल कपडे वाळत घालत होती. ज्ञानेशला सुट्टी, तोही दारात. पुंजा नेहमीप्रमाणे कुंपणावर.

संकटात माणूस जुनंच खोटं पुन्हा वापरतो. "सुनेसाठी आणलाय," तो म्हणाला.

नवसाबाई हसायला लागली. "ऐकलं का गं? या वयात तुझ्या सासऱ्याला पान्हा फुटला!"

पुंजा तर कुंपणावरून पडायचाच बाकी होता. ज्ञानेशही हसला. पायल मात्र हसली नाही. ओले कपडे तसेच बादलीत टाकून ती पुढे आली, पाना दोन्ही हातांत घेतला, आणि तिचे डोळे भरले. "आबा," एवढंच म्हणाली. वाकून पाया पडली. मल्हारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लगेच लावू का? मागचं चाक खोलून बघते."

"नाय, नाय!" मल्हारी ओरडलाच. "भरल्या चाकाला उगाच पाना लावू नये. पंक्चर झालं तरच."

"हा नियम कधी निघाला?" नवसाबाईने विचारलं.

"जुनाच हाय," मल्हारी म्हणाला आणि घरात गेला.

त्यानंतर मल्हारीइतकी सांभाळून गाडी नाशिक जिल्ह्यात कोणी चालवली नसेल. खडी दिसली की टेम्पो पार रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. तार दिसली की उतरून, उचलून, शेताच्या बांधावर. मागचे लोक हॉर्न मारून दमायचे. देवापुढे उदबत्ती लावताना तो हल्ली पाऊसपाणी मागत नसे, टायर मागायचा. कारण चाक बसलं की सून पाना लावणार, नट निघणार, आणि नियमाने सीट तिची. आणि नाही निघाला तर आपल्याला काढावा लागणार. दोन्हीकडून मरण एकच.

पण खिळा काही कोणाची उदबत्ती बघत नाही. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, मखमलाबादच्या अलीकडे टेम्पोचं मागचं डावं चाक फस्स करून बसलं. मागे झेंडू आणि शेवंती खच्चून भरलेली. त्या दिवशी पायलही बरोबर होती. नवसाबाईला बाजारात पाट्या उतरवायला मदत म्हणून आली होती.

मल्हारी खाली उतरला. चाक बघितलं. बाकीची चाकं अलीकडे मुख्तारभाईंच्या माणसाने खोललेली होती. हे एकच राहिलं होतं. हे त्याने स्वतः आवळलेलं, खांदा धड असताना, तीन तीन उड्या मारून. वर एका पावसाळ्याचा गंज.

"आबा, पाना काढू?" पायलने विचारलं.

"थांब." त्याने जुना एल पाना घेतला. आपण एकदा तरी बघायला हवं, असं त्याला वाटलं. डावा हात गुडघ्यावर, उजवा दांड्यावर. हिसका दिला. खांद्यातून बोटांपर्यंत वीज गेली. नट हलला नाही. त्याने दात ओठ खाऊन पुन्हा जोर लावला. तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा हात वरच होईना. तो तसाच चाकाशी बसून राहिला, कपाळ टायरला टेकवून. दोन्ही बायका मागे उभ्या आहेत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला वळताही येईना.

"तुम्ही दोघी मागून येणाऱ्या रिक्षाने जा पुढं," तो चाकाकडे बघतच म्हणाला. "मी बघतो हे."

कोणी हललं नाही.

"पोरी," मल्हारी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "तो पाना मी तुझ्यासाठी नव्हता आणला. माझ्यासाठी आणला होता. खांदा गेलाय माझा."

"ठाऊक शे मला," पायल म्हणाली.

मल्हारीने वळून पाहिलं.

"मागं मी बाजारात आले होते ना, तेव्हा मुख्तारभाई भेटले. मला म्हणाले, 'बेटी, खांदा कैसा है? रात को सो पाती हो?' मला काही कळेना. मग म्हणाले, 'मामाला बोललो मी, बच्ची से इतना काम मत करवाओ. मेथीचा लेप लाव, और हात लटका के हिलाव.'" पायलला हसू आवरेना. "मी म्हटलं, हो भाई, लावते. घरी येऊन आईंना विचारलं, आपल्या घरात खांदा कोणाचा दुखतो?"

मल्हारीने नवसाबाईकडे पाहिलं. "म्हंजी तुला..."

"तेल कोण चोळतं?" नवसाबाई म्हणाली. "आणि गेला पंधरवडाभर त्या तेलात मेथीचा वास येतो, तो तुमच्या नाकाला कळला नाय."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोलता का, बघत होते."

मल्हारीला राग यायला हवा होता. राग आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच, रस्त्याच्या कडेला, धुळीत मांड्या पसरून बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाला, "आण तो पाना. लाव. मी सांगतो तसं."

पायलने सीटखालून पाना काढला. "जॅक लावू आधी?"

"जॅक मागून. चाक वर उचललं की नटाऐवजी चाकच फिरतं. टेकलेलं असतानाच नट ढिले करायचे. तोंड बघ कुठलं बसतं. हे नाय, हे मोठं हाय. फिरव. हां, हे. हलवून बघ. खडखड नाय ना? बस्स. आता पाइप चढव. डाव्या पायाने दांडा दाब, दोन्ही हातांनी समोरचा वर ओढ. झटका नको देऊ. वजन टाक आणि टाकूनच ठेव."

पायलने वजन टाकलं. दांडा वाकल्यासारखा वाटला. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या. नवसाबाईने देवाचं नाव घेतलं. आणि मग कर्रर्र करत, एखादं जुनं दार उघडावं तसा, नट सुटला.

"निघाला!" मल्हारी लहान पोरासारखा ओरडला. आपण हरलो हे त्याच्या लक्षातच आलं नाही. पुढचा प्रत्येक नट निघाला तसा तो ओरडत गेला, आणि शेवटच्याला तर नवसाबाईही ओरडली. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून विचारून गेला, काय झालं म्हणून.

जॅक लागला, स्टेपनी चढली. नट हाताने बसवून जॅक खाली घेतल्यावर पायलने पाना त्याच्यापुढे धरला. पाइप तिने आधीच काढून ठेवला होता. "आवळा तुम्ही, आबा. शेवटचा हात तुमचा."

मल्हारीने पाना घेतला. डाव्या हाताने दाबायचं, उजव्याने नुसता आधार. समोरासमोरचे नट, एक हा, एक तो. हात सांगेल तेवढंच. सगळे झाले. सवयीने त्याचा पाय दांड्यावर गेला. नवसाबाई आणि पायल दोघी बघत होत्या.

त्याने पाय खाली घेतला.

पाना गोणपाटात गुंडाळून पायलच्या हातात दिला, कमरेची किल्ली काढली, तीही तिच्याच हातात दिली. नियम सगळ्यांना पाठ होता. उजवीकडे न वळता तो सरळ डाव्या दाराशी गेला. नवसाबाई आधी चढून मध्ये सरकली आणि तिने त्याला वर चढायला हात दिला.

पायलने देवाला हात जोडले, सीट पुढे ओढली, आरसा फिरवला. तो आरसा इतकी वर्षं एकाच जागी होता. टेम्पो एकदा धक्का देऊन बंद पडला. मल्हारी बोलणार होता, नवसाबाईने त्याच्या मांडीवर हात ठेवला. दुसऱ्यांदा चालू झाला, आणि बाई आरामात निघाली. तिने पहिला गिअर, दुसरा, तिसरा टाकला. गिअर टाकताना आवाजसुद्धा झाला नाही. मल्हारीला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडं वाईटही वाटलं.

उतार आला. पुढे खडीचा ढीग, त्याच्या अलीकडे एक म्हातारी शेळ्या घेऊन चाललेली. मल्हारीचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि पत्र्यावर जोरात दाबला गेला. टेम्पो हळू झाला, म्हातारी गेली. पुढच्या वळणावर पुन्हा पाय पत्र्यावर. त्याच्या पुढच्यावर पुन्हा.

"अहो," नवसाबाई हळूच त्याच्या कानाशी म्हणाली, "पाय वर घेऊन बसा आता. तिथं काय नाय."

मल्हारीने खाली पाहिलं. खरंच काही नव्हतं. नुसता पत्रा, आणि त्यावर पडलेल्या झेंडूच्या चार पाकळ्या. त्याने वहाणा काढल्या, एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि आपल्याच टेम्पोत आयुष्यात पहिल्यांदा मांडी घालून बसला.